शोकेसमधली गौर

माझे काका झोपेत चालत नाहीत. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. काकांना ती कळायला तीसेक वर्षे लागली, आणि या विलंबाला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

मी स्वभावाने हळू बोलणारा माणूस आहे. माझ्या बोलण्यापेक्षा घरातल्या पंख्याचा आवाज मोठा असतो, असे माझी पत्नी वसुधा म्हणते. परंतु हळू बोलणे आणि मुळीच न बोलणे यांत फरक असतो, आणि त्या फरकाच्या आडोशाला मी एवढा काळ बसून राहिलो. आता पन्नाशीही मागे पडत चालली आहे. तेव्हा जे घडले ते क्रमाने सांगतो.

गुलमंडीत आमचे कापडाचे दुकान होते. आजोबा मूळचे निजामाच्या कचेरीतले कारकून. त्यांचे उर्दू अक्षर मोत्यासारखे होते म्हणतात. पुढे पोलीस ॲक्शन झाली, कचेरीची भाषा बदलली आणि बघता बघता आजोबांचे मोती कोणी विकत घेईना. तेव्हा त्यांनी बरू खाली ठेवून हातात कापड मोजायचा गज घेतला. "राज्य कोणाचंही येवो, माणसाला धोतर लागतंच," हा त्यांचा राजकारणावरचा एकमेव अभिप्राय. एका गादीवर आणि दोन तक्क्यांवर त्यांनी जे दुकान थाटले, ते माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तीन मजल्यांवर नेले. खाली कापड, पहिल्या मजल्यावर साड्या, दुसऱ्यावर रेडीमेड, आणि जिन्याखाली उरलेल्या जागेत स्टीलचे डबे. पाटीवर 'डिपार्टमेंट स्टोअर्स' असे लिहिले गेले. (हे दोन शब्द आमच्या गल्लीत कोणालाच नीट म्हणता येत नसत. त्यामुळे दुकानाविषयी आदर फार वाढला.)

साड्यांचा मजला काकांचा. काका अण्णांचे धाकटे भाऊ. लग्न केले नाही. त्यांचा संसार म्हणजे शंभर तऱ्हेच्या साड्या आणि दुपारची झोप. साडीची घडी त्यांनी घातली की ती पुन्हा उघडायला गिऱ्हाइकाला संकोच वाटे. एखाद्या नवख्या मुलीने निऱ्या कशा काढायच्या विचारले, तर ते स्वतःच्या उपरण्याच्या अशा निऱ्या काढून दाखवत की उपरणे परत खांद्यावर टाकणे जिवावर यावे.

आमचा खरा धंदा बस्त्याचा. लग्न ठरले की वधूवरांकडची मंडळी फुलंब्रीहून, करमाडहून जीप भरून येत आणि साऱ्या लग्नाचे कापड एका बैठकीत घेत. नवरीच्या शालूपासून व्याह्याच्या टोपीपर्यंत. चहा होई, भजी होत, रुसवेफुगवे होत. शालू पसंत पडला की पाच सवाष्णी त्याच्या पदराला हळदकुंकू लावत. एकदा ते बोट लागले, की लग्नाच्या दिवशी नवरीने नेसेपर्यंत तो शालू कोणी अंगाला लावायचा नाही, असा नियम. तो मला पाठ होता. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, म्हणजे अज्ञानाची सवलत मला कोणी देऊ नये.

त्या वर्षी माझेच लग्न ठरले. मुलगी फुलंब्रीची, नाव वसुधा. बस्ता अर्थातच आमच्याच दुकानात झाला. वसुधेच्या माहेरी शेवटचा शब्द तिच्या आत्याबाईंचा. त्यांनी शालू पसंत केला, पदराला आपल्या हाताने हळदकुंकवाची बोटे ओढली, आणि काकांनी तो शालू साड्यांच्या मजल्यावरच्या सागवानी कपाटात ठेवून कुलूप लावले. चावी जानव्याला बांधली. त्या चावीला काकांखेरीज कोणी हात लावत नसे.

याच सुमारास मी दुकानात सुधारणा करत होतो. मुंबईला जाऊन आलो होतो आणि तिथली मोठी दुकाने पाहून माझे डोके जरा फिरले होते. अण्णांच्या मागे लागून रस्त्याच्या बाजूची भिंत पाडली, तिथे छतापर्यंत काच बसवली, वर दिवे लावले, आणि काचेच्या आत उभी करायला मुंबईहून एक पुतळी आणवली. गवतात गुंडाळून, ट्रकने. पुतळी गोरीपान, उंचीने अण्णांहून अधिक. एक हात कमरेवर, दुसरा वर उचललेला, जणू रिक्षा थांबवते आहे आणि रिक्षावाला बघत नाही.

"हिला उभी कशाला केलीस?" काकांनी विचारले.

"काका, ही मांडणीची नवी पद्धत आहे. बाहेरून माल दिसतो."

"माल गादीवर दाखवायचा असतो. आधी गिऱ्हाइकाला बसवायचं, पाणी द्यायचं. ही बाई अशी ताटकळलेली बघून लोकांना वाटंल, या दुकानात बस म्हणायची रीत नाही."

काकांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पुतळीला मी एक व्हॉइलची साडी नेसवली, तर महिनाभर कोणी ढुंकून पाहिले नाही. जी एक म्हातारी थांबली, ती पुतळीला "बाई, जरा सरक" म्हणून काचेवर आपटली.

मी हिरमुसलो. आणि अशा मनःस्थितीत मला कळले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वसुधा आणि आत्याबाई ब्लाउजचे माप द्यायला येणार आहेत. माझ्या मनात एक कल्पना आली. तिला मी तेव्हा काव्य समजलो. वसुधा रस्त्याने येते आहे, समोर काचेत तिचाच शालू झळकतो आहे, ती थबकते, लाजते, आणि हा मुलगा किती रसिक आहे असे तिला वाटते. राहता राहिला नियम. त्यावर मी स्वतःची अशी समजूत घातली: पुतळी म्हणजे एक खुंटी. खुंटीला शालू अडकवला तर खुंटी शालू नेसली असे कोणी म्हणत नाही. पुढे आयुष्यात मी अनेक चुकांना अशाच उत्तम युक्तिवादांनी पोहोचलो आहे.

उन्हाळ्यात आमची गुलमंडी दुपारी मिटते. दुकानांची दारे अर्धी ओढली जातात आणि चार वाजेपर्यंत कुत्रीसुद्धा व्यवहार करत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा जेवायला घरी गेले. काका डबा खाऊन पहिल्या मजल्यावर गादीवर आडवे झाले. मी चोरपावलांनी गेलो, गुडघ्यांवर बसलो आणि जानव्याची गाठ सोडू लागलो.

"नाही, बाई," काका झोपेत म्हणाले, "याच्या खाली परवडत नाही."

मी गाठ तशीच धरून ठेवली. पण बाईंचे समाधान झाले असावे, कारण काका पुन्हा घोरू लागले. मी चावी घेतली, शालू काढला, खाली येऊन पुतळीला नेसवला. साडी नेसवणे हे पाहायला जितके सोपे आहे तितके करायला नाही, हे मला तिसऱ्या प्रयत्नात उमगले. निऱ्या पंख्यासारख्या न पडता केळीच्या फाटक्या पानासारख्या पडत. अखेरीस टाचण्यांचे सबंध पाकीट रिकामे करून मी शालू त्या बाईवर अक्षरशः ठोकून बसवला. पदर उचललेल्या हातावरून सोडला. कपाट बंद करून चावी पुन्हा काकांच्या जानव्याला बांधली आणि भांग पाडायला घरी गेलो.

चारला परत येतो, तो दुकानापुढे गर्दी.

येथे सांगायला हवे की चैत्र चालू होता. चैत्रात आमच्याकडे घरोघरी गौर मांडतात, तिच्यापुढे आरास करतात आणि बायकांना हळदीकुंकवाला बोलावून कैरीची डाळ नि पन्हे देतात. भरजरी शालू, पदराला हळदकुंकू, भोवती झगमग दिवे. रस्त्याने जाणाऱ्या बायकांनी जो निष्कर्ष काढायचा तो काढला होता. शोकेसचे आतले दार उघडून त्या पुतळीची ओटी भरत होत्या.

"गौर लई गोरी हाय की," एक म्हणाली.

"शेटची गौर हाय. काळी आसंल व्हय?"

"पण हात वर कामून केलाय?"

"आशीर्वाद देतीय. दिसंना का?"

ही शेवटची बाई करमाडची पार्वतीबाई. धिप्पाड, खणखणीत आवाजाची. मुलाचा बस्ता बांधायला आली होती आणि एव्हाना तिने समारंभाची सूत्रे हाती घेतली होती.

अण्णा माझ्या आधी पोहोचले होते. गिऱ्हाईक आले की का आले हे विचारू नये, हे त्यांचे तत्त्व. त्यांनी पुतळीकडे पाहिले, गर्दीकडे पाहिले, आणि घरी निरोप धाडून पन्ह्याची घागर मागवली. आरतीच्या गजराने काका जागे होऊन खाली आले. शालू पाहताच त्यांचा हात जानव्याकडे गेला. चावी जागेवर होती. काकांचा चेहरा उतरला. चावी जागेवर नसती तर तो उतरला नसता.

मी पुढे होऊन काही बोलणार, इतक्यात फुलंब्रीची मंडळी आली. वसुधा थबकली. इथपर्यंत सारे माझ्या काव्याबरहुकूम झाले. मात्र तिच्या पुढे आत्याबाई होत्या. त्यांनी काचेला नाक लावले, पदरावरची बोटे न्याहाळली आणि म्हणाल्या, "ही बोटं माझी आहेत."

अण्णांच्या हातातला पन्ह्याचा पेला तिथेच राहिला.

"हा आमच्या वसूचा शालू. हिला कोणी नेसवला?"

ओटी भरणाऱ्या बायका दोन पावले मागे सरल्या.

"लग्नाआधीच दुसरीच्या अंगाला लागला. आता हा पोरीला नेसवायचा? ज्या घरात सुनेचा शालू धड सांभाळता येईना, तिथं मुलगीच द्यायची कशाला? चल वसू. सहाची गाडी सापडंल."

वसुधेने माझ्याकडे पाहिले. जावे की थांबावे हे तिला माझ्याकडून कळायला हवे होते, एवढे त्या नजरेत स्पष्ट होते. अण्णा वळून गरजले, "कपाटाची चावी कोणाकडं असते?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिले. आणि काका, ज्यांनी जन्मात कधी कापड अर्धा इंचही कमी मोजून दिले नव्हते, ते शांतपणे म्हणाले, "मीच नेसवला असणार."

"असणार म्हणजे?" आत्याबाई.

"चावी माझ्याकडं. ती जागेवर आहे. दुपारी वरती दुसरं कोणी नव्हतं. मी झोपलो होतो. म्हणजे झोपेत उठून मीच केलं असणार. दुसरं काय?"

आता बोलायचे, असे मी ठरवले. तोंड उघडले. वसुधा बघत होती. आणि माझ्या तोंडून, अत्यंत मृदू स्वरात, शब्द आले: "पन्हं घेता का?"

तेवढे बोलून मी गप्प झालो, तो इतकी वर्षे.

सोयरीक वाचवली ती पार्वतीबाईने. "आवं आत्याबाई," ती म्हणाली, "झोपंत कुणी साडी नेसवतंय व्हय? गौरीनं ह्यांचा हात धरून नेसवून घेतली. तिला शालू पायजे व्हता."

आत्याबाईंनी पुतळीला एक फेरी मारली. "निऱ्या मात्र फार वाकड्या आहेत."

"डोळं मिटून काढल्याल्या. वाकड्याच यायच्या. जागेपणी काकांच्या निऱ्या कशा असतात, पुऱ्या गुलमंडीला ठावं हाय."

या क्षणी मी कबुलीच्या सर्वांत जवळ पोहोचलो होतो. पश्चात्तापाने नव्हे. निऱ्यांच्या अपमानाने.

आत्याबाईंनी मागे वळून पाहिले. भोवतीच्या बायका हात जोडून उभ्या होत्या. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "देवीनं नेसून दिलेला असंल, तर उष्टा नाही. प्रसाद आहे." मात्र अटी घातल्या. शालू रीतसर पडदा धरून उतरवायचा, गौरीला त्याच तोलाची दुसरी साडी नेसवायची, आणि दर चैत्रात याच काचेत गौर मांडून येईल त्या बाईला पन्हे द्यायचे. अण्णा प्रत्येक अटीला आनंदाने मान हलवत होते. त्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

लग्न झाले. सप्तपदीच्या पाचव्या की सहाव्या पावलाला शालूतली राहिलेली एक टाचणी वसुधेला अशी टोचली की तिने दोन पावले एकदम टाकली. "काकांची टाचणी," ती हसून म्हणाली, आणि पुढेही दर वर्षी, शालूला ऊन दाखवताना, कमरेपाशी पडलेली भोके मोजून तेच म्हणत राहिली. मी दर वर्षी त्या वेळी माळ्यावर काहीतरी शोधायला जात असे.

काकांची मात्र दशा झाली. खेड्यापाड्यांतून बायका येत, साडी घेत, आणि जाताना आर्जव करत, "काका, जरा पडा की. आमच्या पोराला नोकरी लागंल का, तेवढं बघा." कोणी उशी आणे. समोरचे अत्तरवाले रहीमभाई हात जोडून म्हणत, "क्या काका, लोगां जागके कमाते, तुम सोके कमा लिये." काका हसत. पण त्या दिवसापासून त्यांनी दुपारची झोप सोडली. रात्री ते एक पाय खाटेच्या खुराला दोरीने बांधून निजत. झोपेत पुन्हा हात वळवळले तर, म्हणत. दोरी काचू नये म्हणून वसुधा त्यांना तिच्याऐवजी बांधायला कापडाच्या ठाणाच्या काठाची मऊ पट्टी शिवून देई, दर दिवाळीला नवी. मी ती शिवताना पाहत असे. दिव्याखाली सुई ओवायला मदतही करत असे.

का बोललो नाही? आधी लग्न मोडेल म्हणून. मग अण्णा रागावतील म्हणून. अण्णा गेल्यावर, आता काय उपयोग म्हणून. कारणे बदलत गेली, मी तोच राहिलो. दरम्यान दुकानाचेही दिवस फिरले. वाळूजचे कारखाने वाढले, बजाजनगरची पोरे बोनसच्या आठवड्यात जोडीने येऊन तिन्ही मजले पालथे घालू लागली. ते सुगीचे दिवस. पुढे लोकांना जिना चढण्याचा कंटाळा येऊ लागला, जालना रोडला सरकते जिने आले, आणि आमचा एकेक मजला खाली होत गेला. आज तळमजल्यावर भाडेकरू मोबाइलची कव्हरे विकतो. वर काका आणि साड्या. पुतळीच्या नाकाचा टवका उडाला आहे, तरी चैत्रात ती काचेत उभी राहते, आणि कव्हरांच्या गर्दीतून येऊन बायका तिची ओटी भरतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलीचे लग्न ठरले. बस्ता-बिस्ता नको, मॉलमध्ये जाऊ, असे तिचे म्हणणे. "जाऊ," वसुधा म्हणाली, "पण काकांशिवाय कापड घ्यायचं नाही." काका आता ऐंशीच्या पुढे. कानांनी जवळजवळ रजा घेतलेली. ते धुतलेले धोतर नेसून आले आणि मॉलच्या दाराशी त्यांनी, गादीवर चढायचे असल्यासारख्या, चपला काढल्या. मी त्या पिशवीत घेतल्या.

आत पुतळ्यांची रांग होती. एकीलाही डोके नव्हते.

"यांची डोकी?" काकांनी विचारले.

"आता अशीच पद्धत आहे," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो.

"बरं केलं. आशीर्वादाची भानगड नाही."

मुलगी कपडे घालून पाहायला गेली. बाहेर गिऱ्हाइकांसाठी एक मऊ कोच होता. वसुधेने काकांना बसायला सांगितले. ते काठावर टेकले, पाठ टेकवेनात.

"आरामात बसा की, काका."

"डोळा लागंल ना." त्यांनी रांगेकडे बोट केले. "किती उभ्या आहेत बघ. या वयात एवढ्याजणींना साड्या नेसवायच्या म्हणजे... दोरी आणलीस का, वसू?"

वसुधेने पर्समधून पट्टी काढली. ती खाली वाकली. काकांनी लहान मुलासारखा पाय पुढे केला आणि ती तो कोचाच्या पायाला बांधू लागली. गाणी वाजत होती, लोक ये-जा करत होते, आणि त्या झगमगाटात माझ्या काकांना बांधून ठेवले जात होते.

"काका," मी म्हणालो, "तो शालू मी नेसवला होता."

"काय?"

"तो शालू मी नेसवला होता."

"मोठ्यानं बोल रे. तुझं कायम असंच."

मी श्वास घेतला आणि आयुष्यात प्रथमच ओरडलो, "शालू मी नेसवला होता! तुम्ही नाही!"

आसपासची माणसे वळली. एक विक्रेती मुलगी धावत आली. "सर, कोणता शालू? बदलून पाहिजे का? बिल आहे?"

काका माझ्याकडे पाहत राहिले. "चावी?"

"जानव्याची काढली. परत बांधली."

"गाठ तू मारलीस?"

"हो."

"तरीच. सुटता सुटंना. शेवटी कापावी लागली." मग त्यांनी विचारले, "आणि निऱ्या?"

"माझ्याच."

काकांनी डोळे मिटले. मला वाटले, त्यांना दुखावले. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरत होते ते दुःख नव्हते. "अरे, त्या निऱ्यांनी मला छळलं रे," ते म्हणाले. "झोपेत चाललो, ठीक. देवीनं नेलं, ठीक. पण एवढी वर्षं साड्यांत घालवून, झोपेत का होईना, असल्या निऱ्या माझ्या हातून कशा पडल्या? कोणापाशी बोललो नाही. लाज वाटायची."

त्यांनी पाय मागे ओढून घेतला. वसुधा पट्टी हातात घेऊन उभी राहिली होती.

"म्हणजे टाचणी तुमची," ती मला म्हणाली.

"हो."

"आणि ही मी दर दिवाळीला शिवत होते, तेव्हा तुम्ही सुई ओवून देत होता."

तिने पट्टीची नीट घडी घातली आणि माझ्या हातावर ठेवली. मी कोचापाशी गुडघ्यांवर बसलो, जसा त्या दुपारी बसलो होतो, आणि जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणालो, "काका, माझं चुकलं. मला क्षमा करा."

काका कोचावर आडवे होत होते. त्यांनी उपरण्याची उशी केली, दोन्ही पाय मोकळे पसरले आणि डोळे न उघडता म्हणाले, "केली. पण ओरडू नको. इतकी वर्षं गप्प बसलास, आणखी तासभर बस. झोपू दे."

मी उठलो आणि पट्टी हातात धरून, जराही आवाज न करता, उभा राहिलो. इतका स्तब्ध की थोड्या वेळाने एका बाईने माझ्या शर्टाची कॉलर उलटून किंमत शोधली. (शेजारच्या एकाही पुतळ्याला डोके नव्हते. तेव्हा माझ्या बाबतीत तिची गफलत झाली, असे मी म्हणणार नाही.)